सव्वातीनचा सव्वा

भाचीने प्रश्न विचारला तेव्हा मी पेपर वाचत होतो, आणि उत्तर देण्यासाठी मान वर करावी असंही मला वाटलं नाही. "मामा, तीन वाजल्यानंतर दोन्ही काटे एकमेकांवर कधी येतात?" मी वाचता वाचताच म्हटलं, "तीन वाजून सोळा मिनिटं आणि वर चार छेद अकरा." थोडा वेळ समोरून काहीच आलं नाही. मग, "कसं काढलंस?" "सूत्र आहे. तासाच्या आकड्याला साठने गुणायचं आणि अकराने भागायचं." "अकराने का? घड्याळात तर बारा आकडे असतात." आता मात्र मी पेपर खाली ठेवला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "सूत्रच तसं आहे गं." ती "बरं" म्हणाली. सातवीतली मुलगी. तिने माझं उत्तर वहीत नीट लिहून घेतलं, पण त्याच्या वरच्या ओळीत आधी लिहिलेलं स्वतःचं उत्तर काही खोडलं नाही. तिथे लिहिलं होतं : सव्वातीन.

त्या "बरं"ने माझा पिच्छा पुरवला. मुलांचं "बरं" दोन प्रकारचं असतं. एक कळल्याचं, आणि दुसरं समोरच्या मोठ्या माणसाला काही कळलेलं नाही हे कळल्याचं. हे दुसऱ्या प्रकारचं होतं. तिने वाद घातला असता तर बरं वाटलं असतं. पण तिने मला सोडून दिलं, आणि अशा वेळी सोडून देणं फार लागतं.

हे सूत्र माझ्याकडे आलं ते परीक्षांच्या तयारीच्या दिवसांत. शिकवणीतल्या सरांनी फळ्याच्या एका कोपऱ्यात चौकट आखून त्यात ते लिहिलं होतं, आणि "हे पाठ, पुढचं बोला" म्हणून चौकटीवर खडूने दोनदा टकटक केली होती. प्रत्येक प्रश्नाला अर्धं मिनिट. काटे एकमेकांवर, काटे समोरासमोर, काटे काटकोनात, घड्याळ मागे पडतं, घड्याळ पुढे जातं, आरशातलं घड्याळ. मी त्यात तरबेज होतो. पानभर गणितं सोडवायचो आणि उत्तरं जुळली की एक थंड, स्वच्छ आनंद व्हायचा, सगळी भांडी घासून पालथी घातल्यावर होतो तसा. गंमत म्हणजे त्या वर्गात भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं, ऐन फळ्याच्या डोक्यावर. मी त्याच्याकडे शेकडो वेळा पाहिलं असेल, पण ते किती वेळ उरला हे बघायला. त्याच्या काट्यांची आणि माझ्या वहीतल्या काट्यांची ओळख करून द्यावी, असं मला एकदाही सुचलं नाही.

अकरा कुठून आला, हेही कधी विचारलं नव्हतं.

त्या रात्री जाग आली तेव्हा तीनला दहा कमी होते. खरं सांगायचं तर जाग आली नाही, ती आणली गेली. डोक्याच्या मागे ते "बरं" रात्रभर ठिबकत होतं. पुन्हा झोप लागेना, तेव्हा उठून दिवा लावला, खुर्ची घड्याळाखाली ओढली आणि मान वर करून बसलो. मोठ्या माणसाने पहाटे तीन वाजता घड्याळाकडे बघत बसावं, आणि तेही कुणाची वाट न बघता, हे थोडं वेडगळच. पण बसलो. तीन वाजता काटे काटकोनात उभे होते, शाळेच्या पुस्तकातल्या चित्रासारखे. मग काहीच होईना. सेकंदकाटा टिकटिक करत फिरत होता, बाकीचे दोघे चित्रातल्यासारखे स्थिर. मिनिटकाटा सरकताना दिसत नाही. नजर जरा हलवून परत आणली की तो सरकलेला असतो. तासकाट्याचं तर विचारूच नका. पण तीन वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तासकाटा आता तीनच्या रेघेवर नाही. त्याने रेघ सोडली आहे. कधी सोडली? मी तर तिथेच बसलो होतो.

सव्वातीनला मिनिटकाटा बरोबर तीनवर आला. भाचीच्या म्हणण्याप्रमाणे तिथे तासकाटा असायला हवा होता. पण तो तिथे नव्हता. तीन आणि चार यांच्यामधल्या अंतराचा पाव भाग चालून तो पुढे जाऊन उभा होता, मिनिटांच्या सव्वा घरांवर. पाहुणे निघाले म्हणून आपण चप्पल शोधून दाराशी यावं, तोवर ते फाटकापर्यंत गेलेले असावेत, तेवढं अंतर.

आणि तेव्हा मला त्या शब्दाचं आश्चर्य वाटलं. सव्वातीन. तीन आणि वर पाव. हा पाव घड्याळावर दिसतो कुठे? मिनिटकाट्यावर नाही, तो तर तीनच्या आकड्यावर येऊन "पंधरा" म्हणतोय. पाव दिसतो तो तासकाट्यावर. तोच तीनच्या पुढे पाव घर सरकलाय. साडेसात म्हणजे तासकाटा सात आणि आठच्या बरोबर मध्ये. पावणेचार म्हणजे चारला पोचायला त्याला पाव घर उणं. आपण आयुष्यभर सव्वा, साडे, पावणे म्हणतो आणि नजर मात्र मोठ्या काट्यावर ठेवतो, पण शब्द सगळे छोट्या काट्याचे आहेत. "तीन वाजून पंधरा मिनिटं" हे मिनिटकाट्याचं बोलणं, "सव्वातीन" हे तासकाट्याचं. भाचीने वहीत जे चुकीचं उत्तर लिहिलं होतं, त्या उत्तराच्या पोटातच ते का चुकलं हेही लिहिलेलं होतं. काटे सव्वातीनला भेटत नाहीत, कारण तेव्हा सव्वातीन झालेले असतात.

पुढच्या मिनिटभरात मिनिटकाट्याने तासकाट्याला झाकायला सुरुवात केली. आधी त्याची वरची कड गेली, मग काळं टोक. मग एक वेळ अशी आली की घड्याळाला एकच काटा उरला. नेमका क्षण मला पकडता आला नाही. गणिताने तो तीन वाजून सोळा मिनिटं एकवीस सेकंद आणि वर नऊ छेद अकरा सेकंद असा येतो, म्हणजे एकविसाव्या आणि बाविसाव्या टिकच्या मध्ये कुठेतरी. सेकंदकाटा तिथे कधी थांबतच नाही. पण डोळ्यांना ती भेट चांगली दीड-दोन मिनिटं चाललेली दिसते, कारण काटे वहीतल्या रेघांसारखे बिनजाडीचे नसतात.

एकच काटा असलेली घड्याळं एकेकाळी खरोखरच होती, आणि बराच काळ होती. युरोपातल्या मनोऱ्यांवरच्या सुरुवातीच्या घड्याळांना एकच काटा असायचा, तासाचा. आकड्यांच्या मधल्या जागेचे चार भाग पाडलेले असायचे आणि लोक त्यावरून पाव, अर्धा, पाऊण तास ओळखायचे. म्हणजे आपलं सव्वा-साडे-पावणेच. दिवसाला पाव तास इकडे-तिकडे होणाऱ्या घड्याळाला मिनिटकाटा लावून करायचं तरी काय? १६५६ साली क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने लंबकाचं घड्याळ केलं, चूक मिनिटाच्या आत आली, आणि मग हळूहळू मोठा काटा सगळीकडे दिसू लागला. त्याच्या आधी माझ्या भाचीचा प्रश्न जन्मालाच आला नसता. एकटा काटा कुणाला भेटणार!

पाठलागाचं गणित मी खुर्चीतच बसून, सूत्र न वापरता करून बघितलं. तीन वाजता तासकाटा मिनिटांची पंधरा घरं पुढे आहे. मिनिटकाट्याला ती पंधरा घरं चालायला पंधरा मिनिटं लागली. तेवढ्यात तासकाटा सव्वा घर पुढे. ते सव्वा घर चालायला सव्वा मिनिट. तेवढ्यात तासकाटा त्याच्या बाराव्या भागाएवढा पुढे, म्हणजे सव्वासहा सेकंदांचं अंतर. ते कापेपर्यंत आणखी अर्ध्या सेकंदाचं. दर वेळी अंतर बारा पटीने आकसतं, पण उरतंच. हीच ती झेनो नावाच्या ग्रीक तत्त्ववेत्त्याची अडीच हजार वर्षांपूर्वीची अडचण : वेगवान धावपटू पुढे निघालेल्या कासवाच्या जागी पोचेपर्यंत कासव थोडं पुढे गेलेलं असणार, मग त्याने कासवाला गाठायचं कधी? आपल्या गोष्टीतल्या कासवाला जिंकण्यासाठी सशाने झोपावं लागतं. झेनोचं कासव ससा जागा असतानाच जिंकू बघतं. पण घड्याळ तर रोज आपल्या डोळ्यांसमोर कासवाला गाठतं. पंधरा, सव्वा, त्याचा बारावा भाग, त्याचाही बारावा भाग, अशी न संपणारी बेरीज केली की ती १६ पूर्णांक ४/११ वर येऊन टेकते. अकरा पुन्हा हजर. तुकडे सगळे बाराचे, बेरीज मात्र अकराची. मला ते बघून आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली, बंद खोलीत कुणी शिंकल्यासारखी.

सूत्रामागची खरी युक्ती याहून सोपी आहे. आपण आगगाडीत बसलेले असतो, शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी त्याच दिशेने जात असते, आणि तिची एकेक खिडकी इतक्या सावकाश पुढे सरकते की आतल्या माणसाच्या हातातलं पुस्तक दिसतं, बाळाला थोपटणारा हात दिसतो. दोन्ही गाड्या सुसाट असतात, पण आपल्याला दिसतो तो फक्त दोघींमधला फरक. सापेक्ष वेग म्हणजे तेवढंच. तासकाट्यावर जाऊन बसायचं आणि तिथून मिनिटकाट्याकडे बघायचं. मिनिटकाटा मिनिटाला ६ अंश चालतो, तासकाटा अर्धा अंश. तासकाट्यावर बसलेल्याला मिनिटकाटा मिनिटाला साडेपाच अंशांनी जवळ येताना दिसतो. तीन वाजता तो ९० अंश मागे होता. नव्वदला साडेपाचने भागा. (साडेपाचने भागणं ही कटकटच. जुन्या लोकांनी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीसुद्धा पाठ केली, पण साडेपाचकी मी तरी कधी ऐकली नाही.) साडेपाच म्हणजे अकराचा अर्धा, म्हणून सूत्रात अकरा. इतकं साधं. चारनंतर पहिला काटकोन कधी? चारला १२० अंशांचं अंतर, ते ९० व्हायला हवं, म्हणजे ३० अंश भरून काढायचे. ५ पूर्णांक ५/११ मिनिटं. सातनंतर समोरासमोर कधी? २१० चे १८० करायचे, पुन्हा तेच ३० अंश, पुन्हा तीच पाच मिनिटं आणि वर थोडी. सूत्राची गरजच नव्हती. तासकाट्यावर जाऊन बसायची तयारी हवी होती.

सकाळी हे सगळं मी भाचीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. आगगाडी, साडेपाच अंश, सव्वातीनमधला सव्वा. सव्वा तिला आवडला. ती दोनदा "सव्वा-तीन, सव्वा-तीन" असं तोडून म्हणाली. साडेपाच मात्र आवडले नाहीत. तिचा चेहरा "पण अकरा?" असाच राहिला. मग केसांना रबर लावता लावता तीच म्हणाली, "म्हणजे आमच्या धावण्यासारखं का?" ती शाळेच्या धावण्याच्या चमूत आहे. "समज, मी आणि एक मुलगी एकाच रेघेवरून सुटलो. माझ्या बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिची एक झाली. मी तिच्याहून अकरा फेऱ्या जास्त पळाले. एक फेरी जास्त झाली की मी तिला गाठते, दुसरी जास्त झाली की परत गाठते. म्हणजे अकरा वेळाच गाठणार ना?" मी गप्प. "पण इतकं हळू कोण पळतं, चालत असेल ती," असं म्हणून ती बूट शोधायला गेली.

बारा तासांत बारा वजा एक. मिनिटकाट्याच्या बारा फेऱ्यांमधून तासकाट्याची एक फेरी वजा, उरल्या अकरा भेटी, सगळ्या सारख्या अंतराने. ७२० मिनिटांचे अकरा वाटे केले की दोन भेटींमधलं अंतर ६५ पूर्णांक ५/११ मिनिटं. घड्याळाच्या पोटात, तबकडीच्या मागे, मिनिटकाट्याच्या बारा फेऱ्यांना तासकाट्याची एक फेरी होईल अशी दातांची चाकं बसवलेली असतात. बारा हा तिथे पितळेत कोरलेला आहे. अकरा मात्र कारागिराने कुठेच केलेला नाही. तो दोन काट्यांच्या मध्ये आपोआप तयार होतो, आणि घड्याळ उघडून बघितलं तरी सापडत नाही.

एकदा ही वजाबाकी कळली, की बाकीच्या गमती घरंगळत येतात. अकरा ते बारा या तासात काटे भेटतच नाहीत. दहा वाजून चौपन्न मिनिटांनंतर सुटलेला मिनिटकाटा तासभर जिवाच्या आकांताने पळतो, आणि गाठतो तेव्हा बारा वाजलेले असतात, शब्दशः! काटकोन तासाला दोन म्हणजे बारा तासांत चोवीस, असं कुणीही म्हणेल, पण होतात बावीस. तीनचा आणि नऊचा काटकोन आधीचा तास आणि पुढचा तास वाटून घेतात. वर आकाशातही हीच वजाबाकी चालू असते. चंद्र ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सव्वासत्तावीस दिवसांच्या आसपास फेरी पुरी करतो, पण तोवर सूर्य थोडा पुढे सरकलेला दिसतो, त्याला गाठायला आणखी दोन दिवस जातात, आणि अमावस्या ते अमावस्या साडेएकोणतीस दिवस होतात. वर्षात चंद्राच्या फेऱ्या साधारण १३.३७, अमावस्या १२.३७. एक फेरी सूर्याच्या नावे खर्ची. पौर्णिमा म्हणजे काटे समोरासमोर, अष्टमी म्हणजे काटकोन.

परीक्षेत मी यातलं एकच गणित चुकलो होतो, म्हणून ते अजून आठवतं. "एका घड्याळाचे काटे दर ६५ मिनिटांनी एकमेकांवर येतात, तर ते घड्याळ दिवसाला किती पुढे किंवा मागे जाते?" ६५ वाचून मला वाटलं, बरोबरच तर आहे, घड्याळ ठीक आहे, आणि मी शून्य लिहून पुढे गेलो. खरं घड्याळ ६५ पूर्णांक ५/११ मिनिटं घेतं. हे ६५ मध्येच तेवढी मजल मारतं, म्हणजे ते घाईत आहे. दिवसाला १० पूर्णांक १०/१४३ मिनिटं पुढे. आवाज न करता पुढे पुढे पळणारं घड्याळ. बिघडलेली माणसं आपण लगेच ओळखतो, पण अर्ध्या मिनिटाने घाईत असलेली माणसं वर्षानुवर्षं ठीकच वाटतात.

तो १४३ पुढे पुन्हा भेटला, आणि तेव्हा तो मला नको होता. बाबांची नजर शेवटच्या वर्षांत अधू झाली होती. मनगटावरचं घड्याळ ते डोळ्यांजवळ नेत, तिरकं करत, खिडकीकडे वळत आणि वेळ सांगत. बऱ्याचदा चुकत. एकदा ते म्हणाले, "एक वाजला, गोळी राहिली." मी कामात होतो, वैतागून म्हणालो, "अहो बाबा, बारा वाजून पाच मिनिटं झालीत, मघाशीच तर बारा वाजले." ते गोंधळले. घड्याळ पुन्हा जवळ धरलं. "मला एकच दिसतोय," म्हणाले आणि हात खाली घेतला. त्यांना काटे दिसत होते, फक्त लांब कुठला आणि आखूड कुठला हे कळत नव्हतं. पुष्कळ दिवसांनी एका कोड्यात वाचलं : दोन्ही काटे सारखेच लांब असते तर किती वेळा वेळ ओळखता आली नसती? (आइनस्टाइन आजारी असताना विरंगुळा म्हणून एका मित्राने त्यांना असलंच कोडं घातलं होतं, असा किस्सा सांगतात.) बारा तासांत असे १४३ क्षण येतात जेव्हा काट्यांची अदलाबदल केली तरी घड्याळ खरीच वेळ दाखवतं, त्यातले अकरा भेटीचे, म्हणजे बिनधोक. उरलेल्या १३२ क्षणांना घड्याळ दोन वेगवेगळ्या वेळा सांगतं आणि दोन्ही शक्य असतात. त्या १३२ मधला पहिलाच क्षण बारा वाजून पाच मिनिटं आणि वर दोन सेकंद. त्याचा जोडीदार एक वाजून पंचवीस सेकंद. मी ते तीनदा तपासलं. बाबांच्या डोळ्यांना जे दिसत होतं, त्यावरून एक वाजला हे उत्तर चूक नव्हतं.

हे भाचीला सांगितलं नाही. पण बाबांचा विषय डोक्यात आला आणि त्याबरोबर भिंतीवरचं जुनं घड्याळ. लाकडी पेटीचं, लंबकाचं, तबकडीवर चावीची दोन भोकं : एक चालण्याचं, एक टोल्यांचं. दर रविवारी सकाळी बाबा स्टुलावर चढून चावी देत, आधी उजवं, मग डावं, आणि तो कर्रकर्र आवाज घरभर ऐकू येई. महिन्या-दोन महिन्यांनी पिसाच्या टोकाने तेलाचा थेंब. मी दहा-एक वर्षांचा असताना ते घड्याळ अधूनमधून थांबायला लागलं. कधी दुपारी, कधी रात्री. नेहमी आठवड्याच्या शेवटी, स्प्रिंगचा जोर ओसरला की. आम्हाला वाटे, म्हातारं झालं. बाबा मात्र दर वेळी ते पुन्हा चालू करण्याआधी पेटीचं दार उघडून आतल्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी लिहीत. एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. घड्याळ पुन्हा थांबलं होतं. "बघ," म्हणाले. मी बघितलं आणि किती वाजले ते सांगितलं. "वेळ नको बघू. काटे बघ." मोठा काटा छोट्या काट्याला मागून टेकून उभा होता. बाबांनी मोठ्या काट्याचं टोक दोन बोटांत धरलं आणि अगदी अलगद, पापडाचा पदर सोडवावा तसं, तबकडीपासून दूर, स्वतःकडे ओढलं. लंबकाला झोका दिला. त्यानंतर ते घड्याळ कित्येक वर्षं थांबलं नाही. बाबांचं शिक्षण बेताचं होतं. सापेक्ष वेग हा शब्द त्यांनी ऐकला असण्याची शक्यता नाही. मी सात-आठ वर्षांनी फळ्यावरची चौकट पाठ केली आणि हे मला आठवलंसुद्धा नाही.

रविवारी भाची आली तेव्हा मी ते घड्याळ माळ्यावरून काढलं. धूळ पुसली, पेटीचं दार उघडलं. आत, कोपऱ्यात, बाबांच्या तिरक्या अक्षरात यादी होती : २-१०, ५-२६, ८-४२, ४-२०, ९-४८, ३-३५. भाचीने वही आणली आणि अकराने भागायला बसली. दोन वाजून १० पूर्णांक १०/११. पाच वाजून २७ आणि थोडी. आठ वाजून ४३ आणि थोडी. "सगळी एखाद्या मिनिटाने आधी आहेत," ती म्हणाली, "आजोबांचं घड्याळ मागे होतं का?" मी म्हटलं, काट्यांकडे बघ. तिने बघितलं, बोट फिरवलं. "अच्छा, हे जाड आहेत. मधोमध यायच्या आधीच कडेला कड लागते." मग ती मिनिटकाटा बोटाने सावकाश फिरवायला लागली, आणि तासकाटा आतून, दिसेल न दिसेल असा, मागोमाग निघाला. सव्वातीनला ती थांबली, मधलं अंतर बघितलं, काही बोलली नाही, पुढे निघाली. साडेतीनला अचानक घड्याळाने एक टोला दिला. टोल्यांची स्प्रिंग इतकी वर्षं थोडी भरलेली राहिली होती. आम्ही दोघंही दचकलो. आवाज तोच होता, फक्त थोडा धुळीने बसलेला.

तिने काटा आणखी पाच मिनिटं पुढे नेला आणि यादीतल्या शेवटच्या आकड्यावर सोडला. तीन पस्तीस. मोठा काटा सातवर, छोटा साडेतीनच्या जरा पुढे, दोघांमध्ये भरपूर मोकळी जागा.

"हे का थांबलं असेल?" तिने विचारलं. "हे अकराने येत नाही."

"नाही येत," मी म्हणालो. "मला नाही माहीत."

ती यादीकडे बघत राहिली. मग पेन्सिल काढून त्या आकड्यापुढे एक छोटं प्रश्नचिन्ह केलं आणि पेटीचं दार लावलं.